एका दुकानात एल, दुसऱ्यात डबल एक्सएल: पोरीचं माप नक्की कोणतं?

सरकीफूल | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१२

मी दिग्रसजवळच्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. प्रश्न माझ्या पुतणीचा आहे. अकरावीला आहे, एसटीने दिग्रसला जाऊन-येऊन करते. गॅदरिंगसाठी कुर्ती घ्यायची होती. एका दुकानात एल मस्त बसला. दुसऱ्या दुकानात डबल एक्सएलची चेन वर सरकेना. ऑनलाइन मागवलेली एल आली, ती खांद्यावरून उतरत होती आणि छातीत आवळत होती. दोन्ही एकाच वेळी! हे कसं होतं ते मला समजलं नाही.

त्यात त्या दुसऱ्या दुकानात काउंटरवरचा माणूस मोठ्यानं म्हणाला, "यांच्या अंगाचं नाही येत आपल्याकडे." दुकानात तिच्या वर्गातल्या पोरी होत्या. तेव्हापासून रात्री भाकरी नको म्हणते. "मोठी आई, मी डबल एक्सएल झाली," एवढंच धरून बसली आहे.

"तू छान दिसतेस" हे सांगून झालं, त्याचा उपयोग शून्य. पोरगी सायन्सची आहे, तिला कारण लागतं. हे एल-एक्सएल ठरवतं कोण, आणि प्रत्येकाचं वेगळं का, हे कुणी नीट सांगेल का?

काजबटण | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ताई, पयले पोरीले जेवाले लावा. बाकी मंग.

मी मोर्शी तालुक्यात शिवणकाम करतो. घरीच मशीन हाय, लगनसराईत दोन पोरी हाताखाली असतात. आता मायाकडे निम्मं काम शिवाचं नाही, उसवाचं असते. लोक रेडिमेड आनतात अन् फिटिंग करून मागतात.

तिले जे कुर्ती चांगली बसते ना, ते पलंगावर सपाट पसरवा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा अन् दुप्पट करा. १९ आलं तं ३८. हे झालं कपड्याचं माप. आंगाचं माप त्याच्यापेक्षा दोन-तीन इंच कमी राह्यते, कारन हात वर कराले, बसाले-उठाले ढिल लागते. आता कोनी ३८ लिहिते ते आंगाचं, अन् कोनी लिहिते ते तयार कपड्याचं. आकडा एकच, पन एका कुर्तीत पोरगी आरामात जाते अन् दुसरीत अडकते. ऑनलाइनवाल्याच्या तक्त्यात बारीक अक्षरात 'बॉडी' हाय का 'गारमेंट' हाय, ते वाचूनच पैसे भरा.

अन् शंका असली तं मोठं घ्या. रेडिमेडमध्ये आतून दाब (शिवनीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड) नसतेच, पाव-अर्धा इंच ठेवून इंटरलॉक मारतात. आत घेता येते, सोडता येत नाही. खांदा मात्र दुकानातच पाहून घ्या. खांदा सुधराचा म्हंजे बाही पुरी उसवा लागते. त्याचे मी वेगळे पैसे घेतो.

उगाच_खवट | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सगळा दोष कंपनीचा. पोरगी जाड झाली असेल तर झाली असेल, त्यात लाजायचं काय? मोबाईल काढून घ्या, आठ दिवस कापूस वेचायला पाठवा. आपोआप एम बसेल.

काजबटण | १८ नोव्हेंबर, रात्री १०:११

भाऊ, वेचनीले मी बी गेली हाय. ज्या बाया रोज पाठीले ओटी बांधून वेचतात, त्यायच्यातल्याच कितीक जनीचे ब्लाउज मी ४४ चे शिवतो. तुमी या एक दिवस पऱ्हाटीत, मंग सांगा.

पॅटर्नवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३०

मूळचा यवतमाळचा, आता बंगळुरूला एका निर्यात करणाऱ्या गारमेंट कारखान्यात पॅटर्न काढतो. ताईंच्या "दोन्ही एकाच वेळी" या प्रश्नाचं उत्तर माझ्याच टेबलावर आहे.

प्रत्येक साइजसाठी वेगळं शरीर मोजून कपडा होत नाही. एक बेस साइज असते, बहुतेक ठिकाणी एम किंवा एस. ती एका फिट मॉडेलच्या अंगावर चढवून पास करतात. पुढच्या साइज त्याच कागदावरून वाढवत नेतात, याला ग्रेडिंग म्हणतात. छाती दोन इंच वाढली की त्या प्रमाणात खांदा, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर), बाही, गळा, सगळं थोडं थोडं वाढतं. पण माणूस तसा वाढत नाही. वजन वाढलं म्हणून खांद्याची हाडं रुंद होत नाहीत. म्हणजे अरुंद खांदे आणि भरलेली छाती असलेली मुलगी कुठल्याही साइजमध्ये शिरली तरी एक जागा सैल आणि एक जागा घट्ट राहणारच. पुतणीच्या अंगात दोष नाही, तिच्या बांध्याची फिट मॉडेल त्या कंपनीकडे नव्हती इतकंच.

त्यात टॉलरन्स असतो. छातीत अर्धा इंच इकडे किंवा तिकडे झाला तरी नग पास. म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, एकाच साइजच्या दोन कुर्त्यांत कायदेशीर एक इंच फरक असू शकतो. कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापतात, तेव्हा वरचा आणि खालचा थरही किंचित सरकतो. आणि जे स्वस्तातले उत्पादक आहेत ते पॅटर्न काढतच नाहीत. बाजारात चालणारी कुर्ती आणायची, उसवायची, त्यावरून कापायची. मूळ कपड्यातली चूकसुद्धा नक्कल होऊन येते. नगामागे चार बोटं कापड वाचवलं तर हजार नगांत किती वाचतं याचा हिशेब तुम्हीच करा. असा एक्सएल म्हणजे लेबल बदललेला एल.

ठरवतं कोण, हा दुसरा प्रश्न. भारतात दुकानदारावर बंधनकारक असं एकच मापपत्रक नाही. अमेरिकेत हा उद्योग फार आधी झाला. तिथे पोस्टाने कपडे विकणाऱ्या कंपन्यांकडे माल परत येऊन येऊन ढीग लागायचा, आजच्या ऑनलाइनसारखाच. १९३९-४० मध्ये तिथल्या शेती खात्याने रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांच्याकडून जवळपास १५,००० बायकांची मापं घेतली, एकेकीची ५९ मापं. अहवाल १९४१ ला आला. पण त्यात गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं हिशेबात धरलीच नाहीत. त्या आधारावर १९५८ ला सरकारी मानक निघालं. कंपन्यांना ते जमेना, बायकांना ते बसेना, आणि १९८३ ला ते काढून टाकलं. त्यानंतर तिथे ज्याचा तो राजा. उलट मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावायची पद्धत पडली, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून.

आपल्याकडे निफ्टने (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) 'इंडियासाइज' नावाचा सर्व्हे हाती घेतला. १५ ते ६५ वयाची २५,००० माणसं थ्री-डी स्कॅनरने मोजायची, सहा शहरांत: दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग. यवतमाळच्या माणसाला यातलं जवळचं कोणतं, तर हैदराबाद. महाराष्ट्राचं माप मुंबईत घेतलं तर दिग्रसची पोरगी त्यात किती उतरेल, मला शंका आहे.

सरकीफूल | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

पॅटर्नवाला दादा, ही पोस्ट तिला वाचून दाखवली. पहिला प्रश्न आला, "मग फिट मॉडेल कोण निवडते?" तुम्हीच सांगा आता.

पॅटर्नवाला | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

खरेदीदार. आम्हाला तो स्पेक शीट म्हणजे मापांचा तक्ता पाठवतो, आम्ही फक्त कापतो. निर्यातीच्या मालात तो युरोप-अमेरिकेतला असतो, आणि तिथला नाकारलेला माल जेव्हा आपल्या आठवडी बाजारात 'एक्सपोर्ट सरप्लस' म्हणून येतो तेव्हा त्याची बाही आपल्या बोटांच्या खाली येते. देशी ब्रँडमध्ये डिझायनर आणि मर्चंडायझर मिळून निवडतात, आणि ते सगळे मोठ्या शहरात बसलेले.

गल्ल्यावरून | १९ नोव्हेंबर, दुपारी २:२०

माझं दर्यापूरला कपड्याचं दुकान आहे, लेडीज आणि किड्स. ताईंच्या पुतणीला जे बोललं गेलं ते चूकच. बोलणाऱ्याला धंदा कळत नाही, ते गिऱ्हाईक परत येत नसते. पण दुकानात साइज का नसते ते सांगतो, कारण ते आमच्या हातात फार थोडं असते.

आम्ही माल सुट्या नगात आणत नाही, सेटमध्ये आणतो. सुरत, अहमदाबाद, जयपूरचा माल असो की अमरावतीच्या नांदगाव पेठेच्या होलसेल मार्केटमधून उचललेला. एका डिझाइनचा सेट म्हणजे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल, एकेक नग. मला फक्त एक्सएल पाहिजे म्हटलं तर व्यापारी म्हणतो पूर्ण सेट घ्या नाहीतर राहू द्या. आमच्या गिऱ्हाइकीत एल आणि एक्सएल आधी उठतात. एम पडून राहतो, दिवाळीनंतर सेलमध्ये जातो. मग एखादी ताई येते, तिला ते डिझाइन आवडते आणि उरलेली असते फक्त एम. तिला वाटते दुकानात बारीक पोरींचंच ठेवतात. खरं म्हणजे जाडजूड बाया आधीच घेऊन गेलेल्या असतात!

थ्री एक्सएलच्या वरचा सेट वेगळा येतो आणि महाग येतो. कापड जास्त लागते हे खरं, पण भाव त्याच्या मानाने जास्त लावतात. आणि डिझाइन पाहाल तर सगळी गडद, मोठ्या फुलांची, म्हाताऱ्या बाईची. वीस वर्षांच्या पोरीला थ्री एक्सएल लागू शकते हे व्यापाऱ्याच्या डोक्यात शिरतच नाही.

एक दुकानातली गोष्ट फुकटात सांगतो. पुतळ्यावर कुर्ती कधीच जशीच्या तशी बसत नाही. आम्ही मागून चिमटे आणि टाचण्या लावतो. कधी पुतळ्याच्या मागे जाऊन बघा, पाठीवर सगळा गोळा असतो. फोटोतल्या मॉडेललाही तेच करतात. समोरून ३४ ची कंबर, पाठीमागे दोन इंच कापड धरलेलं.

मूळची_आर्वीची | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

+१ टाचण्यांबद्दल. मी पुण्यात एका जाहिरात कंपनीत आहे, शूटवर डबा भरून टाचण्या असतात. आणि टाचण्या काढल्यानंतर संगणकावर जे होतं ते वेगळंच.

फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलेलं असेल तर 'फोटोत फेरफार केला आहे' असं छापावं लागतं. तिथल्या मॉडेलला डॉक्टरचा दाखलाही लागतो. त्याआधी २००६ मध्ये माद्रिदच्या फॅशन शोमध्ये ज्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८ च्या खाली होता अशा मॉडेल्सना रॅम्पवर येऊ दिलं नव्हतं. त्याच वर्षी आना कॅरोलिना रेस्टन नावाची ब्राझीलची मॉडेल एनोरेक्सियाने (जाड होण्याच्या भीतीने जेवण तोडण्याचा आजार) गेली, २१ वर्षांची होती.

उगाच_खवट | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

माद्रिदचं दिग्रसला काय घेणं-देणं?

मूळची_आर्वीची | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:०९

दिग्रसच्या पोरीच्या हातात जो मोबाईल आहे, त्याच्यात माद्रिद पण आहे. आमच्या लहानपणी तुलना करायला फार तर गल्लीतली पोरगी असायची, नाहीतर मामाची. तिला निदान भाकरी थापताना पाहिलेलं असायचं.

उपकेंद्र_सिस्टर | १९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

धारणीकडे नोकरी केली, आता वर्धा जिल्ह्यात आहे. रात्रीची भाकरी बंद, हे वाचून थांबले. खवट भाऊंना पण यातच उत्तर देते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी १८.७ टक्क्यांचं वजन उंचीच्या मानाने कमी निघालं आणि २४ टक्क्यांचं जास्त. एकाच देशात, पुष्कळदा एकाच घरात. सासू जाड, सून काडी. त्याच पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय होता. वर्गात वीस पोरी असतील तर बारा जणींना. बारीक दिसते म्हणजे तब्येत चांगली, हे मी रोज खोटं ठरताना बघते. आमच्याकडे हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या पोरी येतात त्यातल्या कित्येक 'फिगर चांगली आहे' म्हणून घरात कौतुकाच्या असतात.

आता उलटी बाजू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. बाहेरून दोघेही सडपातळ. तेव्हा कपड्याच्या लेबलावरून, वजनावरून, नुसतं बघून तब्येत सांगणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. पोटाचा घेर, साखर, बीपी, हिमोग्लोबिन तपासा, मग बोला. वाढलेलं वजन मी पण काळजीनंच बघते, पण अकरावीच्या पोरीला त्यासाठी भाकरी सोडायला कोण सांगेल?

सरकीफूल ताई, दोन गोष्टींवर लक्ष ठेवा: पाळी वेळेवर येते का, आणि जेवणानंतर लगेच मोरीत जाते का. दुसरं दिसलं तर थांबू नका. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशक असतात, उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. "वजन कमी करायला आणली" असं म्हणू नका, "थकवा येतो म्हणून आणली" म्हणा. पोरगी बोलेल.

भरतीवाला_पोट्टा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

पोरींचंच चाललंय, आमचं कोणी इचारत नाही. मी पोलीस भरतीची तयारी करून रायलो, पहाटे ग्राउंडवर असतो. भरतीले पोट्ट्याची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर अन् फुगवून ५ जास्त लागते. ७९ म्हंजे ३१ इंच. आता दुकानात जा, शर्ट ३८ पासून सुरू. लय झालं तं ३६. म्हंजे सरकारले जो पोट्टा चालते, तो दुकानदाराले चालत नाही!

मले ३४ लागते. बहिणीच्या लग्नात लहान मुलांच्या सेक्शनमधून शर्ट घेतला, त्याच्या खिशावर मोटारगाडी होती. सगळ्या वऱ्हाडानं मले 'काडी पहेलवान' म्हटलं. मायच्यान सांगतो, त्या रात्री मी बी नीट जेवलो नाही. फक्त कोनाच्या ध्यानात आलं नाही.

दोस्त पावडरचा डबा घे म्हणून रायले. घेऊ का?

उपकेंद्र_सिस्टर | १९ नोव्हेंबर, रात्री ९:२८

पावडर राहू दे. लेबलवर काय आणि डब्यात काय, हे तुला-मला कळत नाही. तुरीची डाळ, फुटाणे, शेंगदाणे, अंडी खात असशील तर दोन महिन्यांत ग्राउंडवर फरक दिसेल. खर्चात पण बसेल.

गल्ल्यावरून | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

पोट्ट्या, दर्यापूरला आला तर ये. ३४ चे शर्ट पडून आहेत माझ्याकडे, मोटारगाडी नसलेले.

ओसरीवरून | २० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी सत्तरीचा माणूस आहे, नातू टाइप करून देतो. आमच्या आईने जन्मभर नऊवारी नेसली. लुगड्याला एस-एम काही नव्हतं. बाई जाड झाली तर एक वळसा कमी, वाळली तर एक जास्त. बाळंतपणात तेच, म्हातारपणी तेच, तिच्यामागे सुनेला पण तेच. धोतराचंही तसंच. तयार कपडा आला आणि माणसाला कपड्यासारखं व्हावं लागलं. ज्या मुलखात एवढा कापूस पिकतो, ज्या नागपुरात १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, तिथल्या पोरीला अंगाला येईल असा कपडा मिळू नये, याचं मला नवल वाटतं.

काजबटण | २० नोव्हेंबर, सकाळी ११:५०

बाबाजी, लुगड्याचं खरं हाय. पन चोळीचं काय? चोळीले माप होतंच, अन् खणात जेवढं बसन तेवढ्यातच बाईले बसा लागे. माई आजी सांगे, चोळी इतकी तंग शिवत का भाकर थापताना काखेत उसवे.

अन् तवा बायाच्या आंगावर कोनी बोलत नव्हतं असं म्हनू नका. पोरगी पाहाले आले का पयला प्रश्न, आंगानं भरेल हाय का? बारीक असली तं 'वाळेल, काम नाही होनार'. जाड असली तं 'खाते लय'. काई पाहुने तं पोरीले चालाले लावत. टेप नव्हता, पन डोयानं मोजतच होते.

मायाकडे आता बी पोरी येतात, माप घेताना श्वास आत ओढून उभ्या राह्यतात. मी टेप धरून गप उभी राह्यतो. किती वेळ ओढशीन? सोडला श्वास का मंग माप घेतो. श्वास ओढून घेतलेल्या मापाचा ब्लाउज लग्नात जेवाले बसलं का हूक तोडते, अन् नाव मायं खराब होते.

खरं आरामाचं कापड पाहाचं असन तं वेचनीच्या दिवसात वावरात या. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट. बाया गुंड्या लावतात, बाह्या मनगटापर्यंत. ऊन लागत नाही, पऱ्हाटीचे काटे-बोंडं ओरबडत नाहीत. शर्ट कोनत्या साइजचा हाय कोनी इचारत नाही. तोच शर्ट घालून आलेली बाई मायाकडे ब्लाउज शिवाले आली का म्हंते, "दंड जाड दिसतात वो, बाही लांब ठेवा." वावरात दंड जाड नव्हते, मांडवात जाड झाले.

ओसरीवरून | २० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

चोळीचं कबूल. आमच्या घरी पण मुली पाहायला जायचो, मी पण गेलो आहे. पुढचं नातवासमोर लिहीत नाही.

उगाच_खवट | २० नोव्हेंबर, दुपारी १:१०

एक गंभीर प्रश्न. माझ्या शर्टाची बटणं पोटावर ताणतात. मोठा घेतला तर खांदे कोपरापर्यंत येतात. हे पण ग्रेडिंगच का?

पॅटर्नवाला | २० नोव्हेंबर, दुपारी १:२५

अगदी तेच. खांदे ४० चे आणि पोट ४४ चं. उपाय सांगू का? आठ दिवस कापूस वेचायला जा, आपोआप एम बसेल.

काजबटण | २० नोव्हेंबर, दुपारी १:३१

😂 भाऊ, ४४ चा घ्या अन् मायाकडे पाठवा. खांदा उतरवून देतो.

सरकीफूल | २० नोव्हेंबर, रात्री ८:५५

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते. काजबटण ताईंनी सांगितलं तसं पलंगावर तिच्या कुर्त्या पसरवल्या. एल आणि डबल एक्सएल एकमेकींवर ठेवल्या तर छातीत जेमतेम बोटभर फरक! त्यात डबल एक्सएलचा मुंढा लहान कापलेला. ती स्वतःच टेप घेऊन बसली आणि वहीत तक्ता केला: कंपनीचं लेबल, छाती, खांदा, मुंढा. आता कॉलेजच्या मैत्रिणींच्या कुर्त्या मोजणार म्हणते. जेवण अजून अर्धंच आहे, ते काही एका तक्त्याने सुटलेलं नाही. सिस्टर, पुढच्या आठवड्यात थकव्याच्या निमित्ताने रक्त तपासायला नेते आहे.

एक शाळेतलं. २०२४-२५ ला राज्यभर एकसारखा गणवेश आला, कापड कापून बचतगटांच्या बायकांकडे शिवायला गेलं. पुढच्या वर्षापासून तो विषय पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. धोरणाचं मी बोलत नाही, पण शिक्षक म्हणून एक दिसतं. माप इयत्तेवरून धरलं की चौथीतली सगळी मुलं एका उंचीची असायला हवीत. माझ्या वर्गात कुणी ऊसतोडीवरून आलेलं, कुणी वयाने मोठं, कुणी हडकुळं. ज्याला गणवेश होत नाही ते पोरगं 'आपण जास्त वाढलो' किंवा 'आपण वाढलोच नाही' असं समजतं. यंदा आम्ही गावातल्या शिवणाऱ्या बाईला शाळेत बोलावून एकेकाचं माप घेतलं. मापं घेताना तिने आकडा मोठ्याने सांगायचा नाही, वहीत लिहायचा, असं ठरवलं. पहिल्या दिवशी ती विसरली, पोरांनी दिवसभर एकमेकांना आकड्यांनी हाका मारल्या.

मूळची_आर्वीची | २० नोव्हेंबर, रात्री ९:२०

अवांतर: अमरावतीला पीएम मित्रा पार्क (केंद्र सरकारच्या योजनेतलं कापड उद्योगाचं पार्क) होतंय ना? २० सप्टेंबर २०२४ ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पायाभरणी झाली होती. कापूस आपला, सूत आपलं, शिवणारे हात आपले. माप कोणाचं असणार?

पॅटर्नवाला | २० नोव्हेंबर, रात्री ९:३८

ज्याची ऑर्डर त्याचं. निर्यातीची असली तर परदेशी. पण हजार एकरांच्या पार्कात एखादा कारखाना देशी बाजारासाठी शिवेलच, आणि त्याला बेस साइज कुठून तरी घ्यावीच लागेल. अमरावती-यवतमाळच्या दोनशे बायका मोजायला स्कॅनर लागत नाही. टेप, वही आणि काजबटण ताईंसारखी चार माणसं पुरतात. मी गावी आलो की ताईंच्या जुन्या मापाच्या वह्या बघायला येईन म्हणतो, परवानगी असली तर. नावं झाकून.

काजबटण | २० नोव्हेंबर, रात्री ९:५०

वह्या हायत. काही उंदरानं खाल्ल्या. या. पन नाव झाकूनच, नाहीतर मोर्शीत मले कोनी शिवाले टाकनार नाही.

रेडिमेड_बरं | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

सगळं ठीक, पण शिवून घेणं परवडतं का? बाजारात कुर्ती २५० ला मिळते. कापड आणा, अस्तर आणा, शिलाई द्या, सहाशेच्या आत काही होत नाही. आणि टेलर सांगितलेल्या तारखेला कधी देत नाहीत, हे पण लिहा कोणीतरी.

काजबटण | २१ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

तारखेचं कबूल. लगनसराईत आमी खोटं बोलतो.

पैशाचं असं, रोजच्या कुर्त्या रेडिमेडच घ्या, फिटिंगचे साठ-सत्तर द्या. ब्लाउज मात्र शिवूनच घ्या. कुर्ती ढिली चालते, ब्लाउज चालत नाही.

वरूडची_संत्री | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ताई, धाग्याशी थोडं संबंधित. माझी बहीण बाळंतीण आहे, चार महिन्यांचं बाळ. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न. जुने ब्लाउज एकही होत नाही, आणि नवीन शिवला तर सहा महिन्यांनी ढिला होईल म्हणून सासू नको म्हणतात. बाळाला पाजायचं पण असतं. काय करावं?

काजबटण | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:४४

नवीनच शिवा. कटोरी नका करू, पुढून हूक ठेवा अन् दोन्ही बगलेत दीड-दीड इंच दाब सोडा. ढिला झाला का आत घेता येते, पुढच्या खेपेले परत सोडता येते. कापड सुतीच घ्या, अस्तर बी सुती. दूध आलं का सिंथेटिक चिकटते अन् डाग पडते. माप बाळाले पाजल्यावर घ्या, आधी नाही, दोन्हीत इंचभर फरक पडते. बहिणीले आनता येत असन तं आना, मंगळवार सोडून. मंगळवारी बाजार राह्यते, मी बसत नाही.